एकाच बाजूचा डोंगर

मुंबईहून पुण्याला निघालात की खोपोलीनंतर घाट लागतो. गाडी कण्हायला लागते, कानांना दडे बसतात, खाली दरी उघडत जाते. मग लोणावळा येतं, चिक्कीची दुकानं येतात. आणि पुढे? पुढे उतार यायला हवा. चढलेला डोंगर कधी ना कधी उतरावा लागतोच ना? पण उतार येतच नाही. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचावर आहे आणि पुणं ५६० मीटरवर. साडेपाचशे मीटर चढलो आणि उतरलो जेमतेम साठ!

हे फक्त खंडाळ्याचंच आहे असं समजू नका. कसारा घ्या, कुंभार्ली घ्या, आंबा घ्या. कोकणातून देशावर जाणारा कुठलाही घाट चढतो आणि मग चढलेलाच राहतो. आपण याला इतके सरावलोय की त्यात काही विचित्र आहे हे मनातही येत नाही. ज्याला एकच बाजू आहे असा हा कसला डोंगर?

खरी गोष्ट अशी की सह्याद्रीला कुणी उचलून उभं केलेलं नाही. हिमालय उभा राहिला तो दोन भूखंडांच्या टकरीतून, वळ्या पडत पडत. सह्याद्रीत तशी वळी शोधून सापडणार नाही. पावसाळ्यात समोरचा कडा ओला होऊन उजळला की नीट बघा, खडकाचे थर एकावर एक, आडवे, जवळजवळ पातळीत. सह्याद्री म्हणजे एका अवाढव्य पठाराचा तुटका काठ. कोकणातून त्याच्याकडे बघितलं की तो डोंगर दिसतो, देशावरून बघितलं तर ती जमीन संपण्याची जागा आहे.

मग हे पठार आलं कुठून? आणि त्याचा काठ तोडला कुणी?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजचा महाराष्ट्र आजच्या जागी नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि भारतीय भूखंडासोबत उत्तरेकडे निघाला होता, वर्षाला १५ सेंटीमीटरच्या आसपास वेगाने. तुम्हाला हा वेग किरकोळ वाटेल, पण भूखंडांच्या हिशेबात ही धूम पळापळ आहे. वाटेत हा भूखंड एका तप्त ठिकाणावरून गेला. पृथ्वीच्या पोटातून तिथे उष्णता वर येत होती, आणि आजही येते आहे. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर जो ज्वालामुखी अजून जागा आहे, तो त्याच ठिकाणावर बसलेला. आपण पुढे निघून आलो, चूल तिथेच राहिली. मधल्या वाटेवर तिच्या खुणा समुद्रात पडून आहेत. लक्षद्वीप आणि मालदीवची प्रवाळबेटं ज्या बुडालेल्या डोंगररांगेवर वाढली, ती याच चुलीने टाकत नेलेली आहे.

ज्वालामुखी म्हटलं की टोकातून धूर सोडणारा शंकू डोळ्यांसमोर येतो. इथे बहुतेक ठिकाणी तसं काही नव्हतं. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा नुसता वर येऊन पसरला. धुळे-नंदुरबारकडे शेतांतून, माळांवरून काळ्या दगडाच्या सरळ रेषेतल्या अरुंद टेकड्या मैलोन्‌मैल जाताना दिसतात. भेगांमध्येच थिजलेला हा लाव्हा. भोवतालचा मऊ खडक झिजला आणि भेगेतला ऐवज उघडा पडला. ज्या फटीतून एके काळी अकराशे अंशांचा रस उसळत होता, तिच्या सावलीत आज शेळ्या बसतात.

पण लाव्हा तर हवा लागली की थिजतो. मग तो शेकडो किलोमीटर गेला कसा? दूध तापून निवायला लागलं की वर साय धरते आणि खालचं दूध बराच वेळ गरम राहतं, तसंच इथे झालं. लाव्हाच्या पृष्ठभागावर कवच धरलं, त्याने आतली उष्णता आतच कोंडली आणि त्या कवचाखालून रस पुढे सरकत राहिला. पुढचं कवच फुटलं की नवी जीभ बाहेर, तिच्यावर पुन्हा कवच. पूर्व किनाऱ्यावर राजमहेंद्रीजवळ असाच काळा खडक आहे. त्याचं रसायन आपल्याकडच्या थरांशी जुळतं, आणि तो इथूनच हजारएक किलोमीटर वाहत गेला असावा, असं अनेक भूशास्त्रज्ञ मानतात.

आज या काळ्या कातळाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. महाराष्ट्राचा पाचातला चार भाग त्याच्यावर बसला आहे. पश्चिमेला त्याची जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाते, पूर्वेकडे तो पातळ होत होत नागपूरपाशी संपतो. नागपूरकरांनी याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही, दोन युगांची शिवण त्यांच्या शहरातून गेली आहे!

आणि हे सगळं एका दमात झालं नाही. घाटात रस्ता रुंद करायला डोंगर कापतात तिथे काळ्या खडकांच्या मध्ये विटकरी लाल रंगाचा पट्टा दिसतो, कधी वीतभर, कधी पुरुषभर. तो म्हणजे विसावा. एक लाव्हा येऊन थिजला, मग दुसरा येईपर्यंत पुरेसा काळ गेला. ऊन-पावसाने वरचा दगड कुजून माती झाली. मग पुढचा लाव्हा आला आणि त्याने ती माती भाजून, झाकून टाकली. या विसाव्यांत तळी साचली, झाडं वाढली. मुंबईत वरळीच्या टेकडीत, लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळाच्या खडकातून एकोणिसाव्या शतकात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म निघाले. दोन प्रलयांच्या मधल्या सुट्टीत वरळीला बेडूक डरावत होते, यावर जरा थांबून विचार करा. इकडे डायनोसॉर संपत होते. त्यांच्या शेवटाचा दोष मेक्सिकोजवळ आदळलेल्या अशनीचा किती आणि आपल्या लाव्हातून निघालेल्या वायूंचा किती, हे भांडण शास्त्रज्ञांमध्ये अजून चालू आहे.

पठार झालं. आता त्याचा काठ.

लाव्हाचा जोर ओसरल्यावर थोड्याच काळात (भूशास्त्रातला थोडा, म्हणजे लाखो वर्षं) भारताच्या पश्चिम अंगाचा एक तुकडा सुटून निघाला. तो तुकडा आज आफ्रिकेच्या बाजूला सेशेल्स बेटांच्या रूपाने समुद्रातून डोकं वर काढून आहे. भूखंड फाटला, मध्ये समुद्र शिरला आणि फाटलेली कड खाली कलली. पनवेल-मुंबई पट्ट्यात जे थर आडवे असायला हवेत ते समुद्राकडे झुकलेले दिसतात, ते यामुळेच. पठाराला पश्चिमेकडे अचानक एक उंच, उघडी कड मिळाली. तिच्यावर अरबी समुद्रावरून येणारा पाऊस कोसळायला लागला, आणि कड मागे सरायला लागली.

किती मागे? आजचा कडा किनाऱ्यापासून साधारण ५० ते ६० किलोमीटर आत आहे. यातलं किती अंतर पाण्याने खाल्लं आणि किती जमीन मुळातच खचलेली होती, यावर मतं वेगळी आहेत. पण पाणी खातं आहे, यावर कुणाचं दुमत नाही. ते कसं खातं हे बघायचं तर महाबळेश्वरला जा.

जुन्या महाबळेश्वरच्या मंदिरात पाच नद्यांचा उगम मानतात. त्यातल्या दोनच घेऊ, कृष्णा आणि सावित्री. एकाच डोंगरमाथ्यावर जन्मलेल्या या दोघी बहिणी, पण नशीब केवढं वेगळं! कृष्णा पूर्वेकडे वळते. अरबी समुद्र तिच्या उगमापासून फक्त ६४ किलोमीटरवर, पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. वाईला पोचते तेव्हाही ती सातशे मीटर उंचावरच असते, म्हणून घाटांच्या पायऱ्यांना लागून निवांत वाहते. सावित्री पश्चिमेकडे उडी टाकते. पोलादपुरापर्यंत पोचेतो तिची जवळजवळ सगळी उंची संपलेली असते आणि शंभरएक किलोमीटरमध्ये ती बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. आर्थर सीटवरून जी भेदक दरी दिसते, ती हिचीच करणी.

आता विचार करा, दोघींपैकी जमीन जास्त कोण कोरेल? उतार जितका तीव्र, तितकं पाणी खडकाला जास्त झोंबतं. सावित्री, वाशिष्ठी, उल्हास या कोकणातल्या आखूड, तापट नद्या आपल्या उगमाकडचा कडा कोरत कोरत पूर्वेकडे सरकतात. देशावरच्या संथ नद्यांच्या माथ्यापर्यंत त्या पोचल्या की त्यांचं वरचं पाणी आपल्याकडे ओढून घेतात. भूगोलाच्या पुस्तकात याला नदीअपहरण म्हणतात. सह्याद्रीच्या माथ्यावर काही ठिकाणी चांगली रुंद, ऐसपैस खोरी पश्चिमेकडे एकदम कड्यापाशी तुटून संपतात. एवढ्या रुंद खोऱ्याच्या मानाने आतला ओढा अगदीच किरटा असतो. असं खोरं दिसलं की समजा, इथे वरचं पाणी कुणीतरी पळवलं आहे.

आणि हे सगळं झिजत असताना सह्याद्री बुटका का होत नाही? इथे निसर्गाने भलतीच गंमत केली आहे. पृथ्वीचं कवच खालच्या जड, संथपणे हलणाऱ्या थरावर तोललेलं आहे. कोकणाच्या डोक्यावरचा लाखो वर्षांचा खडक वाहून गेला तसं तिथलं ओझं उतरलं आणि कवच हळूहळू वर आलं. ते ताठ असल्यामुळे शेजारची कडही थोडी उचलली गेली. म्हणजे झीज सह्याद्रीला कापते आणि तीच त्याला उंचही ठेवते. पठाराचा उतार पूर्वेकडे आहे, कृष्णा-गोदावरी समुद्राजवळ जन्मूनही त्याच्याकडे जात नाहीत, त्यात या उचलण्याचाही हात आहे.

लाव्हाचे थर सगळे सारखे नाहीत. काही घट्ट, काही वायूच्या बुडबुड्यांनी पोखरलेले. घट्ट थर ताठ कडा देतो, पोकळ थर झिजून पायरी होतो. कडा, पायरी, कडा, पायरी, आणि माथ्यावर सपाटी. ही रचना ओळखीची वाटते? आपले गिरिदुर्ग! तटबंदीचं निम्मं काम लाव्हाने आधीच करून ठेवलं होतं. उरलेलं काम माणसाने केलं, तेही हाच कातळ कोरून. गडावरच्या पाण्याच्या टाक्या, अजिंठ्याची लेणी, वेरूळचं कैलास मंदिर हे सगळं त्यातलंच. कैलास तर वरून खाली कोरत आणलं, आठव्या शतकात. आधी कळस, मग पाया. पाण्याचा क्रमही वरून खालीच असतो.

पाण्याची स्वतःची कोरीवकामं काही कमी नाहीत. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पुराच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे एकाच जागी गरगर फिरून कातळात रांजणाच्या आकाराचे खोल खड्डे पाडतात. गोटा झिजून संपतो, दुसरा येतो, खड्डा वाढतच जातो.

मग हा सगळा कापून काढलेला माल गेला कुठे? थोडा आपल्या पायाखाली आहे, कापूस आणि ज्वारी पिकवणारी काळी जमीन होऊन. उरलेला गोदावरी-कृष्णेने आंध्रच्या किनाऱ्यावर नेऊन टाकला आणि तिथे त्रिभुज प्रदेश उभे केले. राजमहेंद्रीच्या खालची भाताची खाचरं नाशिक-पैठणकडचा डोंगर खाऊन तयार झाली आहेत, असं म्हटलं तर अतिशयोक्ती फार होणार नाही.

इथपर्यंतच्या गोष्टीत घाई कुणालाच नव्हती. मग विसाव्या शतकात आपण आलो.

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. कुणाच्या तरी लक्षात आलं की घाटमाथ्यावर अफाट पाऊस आहे आणि त्याच्या पायथ्याशी पाचशे मीटरचा खड्डा आयता तयार आहे. फक्त पाणी चुकीच्या दिशेला वाहतं! लोणावळ्याच्या परिसरात धरणं बांधून पूर्वेकडे निघालेलं पाणी अडवलं, नळांतून घाटाखाली सोडलं आणि १९१५ मध्ये खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं. जे पाणी इंद्रायणीतून देहू-आळंदीला जायचं, त्यातलं काही पाताळगंगेतून पश्चिमेला गेलं. पाठोपाठ मुळशी. तिथे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, १९२१ ते १९२४ या काळात. तरी धरण झालं आणि मुळा नदीचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे उतरून कुंडलिकेत पडू लागलं. कोलाडला राफ्टिंगला गेला असाल तर ज्या उसळत्या पाण्यावर तुम्ही ओरडलात, ते भिऱ्याहून सोडलेलं पाणी होतं.

सावित्रीला जे करायला लाखो वर्षं लागतात, ते नदीअपहरण आपण दहा-पंधरा वर्षांत उरकलं. आणि मग कोयना.

कोयनेची वाट मुळातच वाकडी. महाबळेश्वराहून ती दक्षिणेकडे निघते, कड्याला समांतर साठ-पासष्ट किलोमीटर जाते आणि हेळवाकपाशी एकदम पूर्वेला वळून कराडला कृष्णेला भेटते. वळणाच्या जागी कडा हाकेच्या अंतरावर. तिथे १०३ मीटर उंचीचं धरण बांधलं आणि डोंगराच्या पोटातून बोगदे काढून पाणी पोफळीच्या बाजूला टाकलं. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी असं पश्चिमेला वळवायची मुभा आहे. ते चिपळूणच्या वाशिष्ठीतून समुद्राला जातं. कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी कायमचं कोकणच्या नदीत! वाशिष्ठीने स्वतःच्या बळावर कुंभार्लीचा कडा फोडून कोयना गाठली असती, तर नकाशावर अगदी हेच दिसलं असतं.

पण जमिनीने यावर स्वतःचं मत नोंदवलं. १९६२ पासून धरणामागचा शिवसागर जलाशय भरायला लागला आणि परिसरात बारीक हादरे जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, धरणाला तडे गेले, पण ते टिकलं. जलाशयामुळे घडलेला जगातला हा सर्वांत मोठा भूकंप मानतात. नुसत्या पाण्याच्या वजनाने डोंगर हलतो? तसं नाही. खोलवरच्या खडकात जुने भ्रंश आहेत आणि ते आधीपासूनच ताणलेले आहेत. वरचं पाणी भेगांतून मुरत तिथे पोचतं, छिद्रांतला दाब वाढतो, दोन बाजूंना घट्ट धरून ठेवणारं घर्षण कमी पडतं आणि भ्रंश सरकतो. ताण निसर्गाचा, निमित्त आपलं. म्हणून तर तिथले हादरे जलाशयाच्या भरण्या-उतरण्याशी लय धरून येतात. पुढे वारणेचं धरण भरल्यावर ते दक्षिणेकडेही पसरले.

हे समजून घ्यायला शास्त्रज्ञांनी कोयना परिसरात खोल विवरं खणली. रासाटीच्या विवरात नऊशेहून जास्त मीटर काळा कातळ ओलांडल्यावर थेट ग्रॅनाइट लागला, मध्ये गाळाच्या खडकाचा एकही थर नाही. म्हणजे लाव्हा आला तेव्हा इथे उघडी, अतिप्राचीन खडकाळ जमीन होती आणि ती जशीच्या तशी खाली झाकलेली आहे. पुढे याच परिसरातलं एक विवर तीन किलोमीटर खोल गेलं.

मुंबईत आपण उलटं काम केलं. तिथे उचलायचं सोडून भरायला लागलो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्ड या बांधाने वरळीकडची खिंड बंद केली, मग सात बेटं एकेक करून जोडली गेली. टेकड्या फोडून त्यांचा दगड समुद्रात लोटला. ज्या लाव्हाला थिजून साडेसहा कोटी वर्षं झाली होती तो पुन्हा वाहायला लागला, या वेळी बैलगाड्यांतून आणि रेल्वेच्या वाघिणींतून. चर्चगेटच्या पश्चिमेकडे जिथे आज कचेऱ्या आणि मरीन ड्राइव्ह आहे, तिथे शंभर वर्षांपूर्वी भरतीचं पाणी होतं.

आणि तो पूर्वेकडचा गाळ? तो आता जायकवाडीत थांबतो, श्रीशैलमला थांबतो, नागार्जुनसागरला थांबतो. त्रिभुज प्रदेशांना मिळणारा गाळ फार घटला आहे आणि आंध्रचा किनारा काही जागी समुद्र खाऊ लागला आहे. धरणाच्या तळाशी साचलेला तो काळा चिखल उन्हाळ्यात शेतकरी ट्रॅक्टरने वाहून शेतात टाकतात. मला विचाराल तर या सगळ्या व्यवहारातला हा सर्वांत शहाणा भाग आहे.

या पावसाळ्यानंतर घाटातून जाल तेव्हा खिडकीची जागा पकडा आणि कापलेल्या डोंगरात लाल पट्टा शोधा. आधी वर बघा, मग खाली, कुठला लाव्हा आधीचा आणि कुठला नंतरचा ते तुमचं तुम्हालाच कळेल. फक्त ऐन पावसात त्या कापाखाली गाडी थांबवू नका. कड्याचं मागे सरणं बंद झालेलं नाही.